चर्च गेलं, मनोरा राहिला: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पॅरिसच्या ‘तूर सॅं-जाक’वर एक छोटं टिपण होतं. रिव्होली रस्त्यालगतच्या बागेत एकटाच उभा असलेला हा घंटामनोरा १५०९ ते १५२३ या काळात बांधला गेला. ज्या चर्चसाठी तो बांधला, ते सॅं-जाक-द-ला-बूशरी, म्हणजे खाटीकआळीतलं सेंट जेम्सचं चर्च, १७९७ मध्ये पाडलं गेलं. टिपणावर आलेल्या पत्रांत बांधकामाचे प्रश्न जास्त आहेत, त्यामुळे उत्तरंही तिथेच लांबली आहेत.

प्रश्न (पुणे): चर्च पाडायचंच होतं, तर मनोरा तेवढा का ठेवला? लोकांची श्रद्धा आडवी आली का?

श्रद्धेचा इथे फारसा संबंध नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता १७८९ मध्ये राष्ट्राच्या नावे झाली आणि पुढे ती विकायला निघाली. सॅं-जाक विकलं गेलं ते दगडाच्या भावाने. घेणाऱ्याने चर्च पाडून दगड विकायचा, मनोऱ्याला मात्र हात लावायचा नाही, अशी अट होती. त्यात व्यवहारही होता. चर्चच्या भिंती बुटक्या आणि पसरलेल्या असतात, त्यांचा दगड स्वस्तात निघतो. पन्नास मीटरवरून एकेक चिरा दोराने उतरवायचा तर परांचीचा खर्च दगडाच्या किमतीवर जातो, शिवाय खाली दाट वस्ती.

उरलेला मनोरा टिकला, कारण प्रत्येक पिढीला त्याचा काही ना काही उपयोग सापडला. आधी बंदुकीच्या छर्‍यांचा कारखाना (त्याचं उत्तर पुढे आहे), मग १८३६ मध्ये सुमारे अडीच लाख फ्रँकला पॅरिस शहराने केलेली खरेदी, मग नव्या रस्त्याच्या कडेची शोभा आणि १८९१ पासून माथ्यावर हवामानाची उपकरणं. रिकाम्या मनोऱ्याला भाडेकरू मिळाला की निदान छपराची गळती कोणीतरी बघतं.

इतर ठिकाणची कारणं आणखी रोखठोक आहेत. लंडनच्या हॅकनी भागात सेंट ऑगस्टिनचं जुनं चर्च १७९८ मध्ये पाडलं. मनोरा ठेवला, कारण जवळच बांधलेल्या नव्या चर्चमध्ये घंटांचं ओझं पेलणारी जागाच नव्हती. घंटा १८५४ पर्यंत जुन्याच मनोऱ्यात वाजत राहिल्या. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला तर कोणी पाडलंही नाही. कॅथेड्रलच्या मधल्या दालनाला पैशाअभावी बाहेरचे कमानी टेकू दिलेच नव्हते. १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात ते दालन झोपलं. १३८२ मध्ये पुरा झालेला, ११२ मीटर उंचीचा मनोरा मुळातच दालनापासून थोडा सुटा होता, म्हणून त्याला काही झालं नाही. मधला ढिगारा १८२६ पर्यंत तसाच पडून होता.

प्रश्न (नागपूर, स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): शेजारचं चर्च काढल्यावर मनोऱ्याचा आधार जात नाही का? नुसत्या दगडाच्या वजनाने तो खचणार नाही?

आधी वजनाचा हिशेब करू. चुनखडीचा दगड घनमीटरला साधारण २२०० किलो भरतो. पन्नास मीटर उंचीच्या भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ११ किलोच्या आसपास येतो. कमानी आणि खिडक्यांमुळे भार कोपऱ्यांच्या खांबांवर गोळा होतो, म्हणून दुप्पट धरा. बांधकामाचा बरा चुनखडी दगड १०० किलोच्या वरही सहज सोसतो. म्हणजे कागदावर भरपूर शिल्लक आहे.

घात होतो तो भिंतीच्या पोटात. मध्ययुगीन जाड भिंत सहसा तीन पदरी असते: बाहेर घडीव चिऱ्यांचा पातळ पदर, आत तसाच दुसरा आणि मधे चुन्यात कालवलेली खडी-डबर. मधला भराव शतकानुशतकं हळूहळू बसत जातो आणि त्याच्या वाट्याचं ओझं बाहेरच्या पातळ पदरांवर ढकलतो. पदर फुगतात, बारीक उभ्या भेगा पडतात, आणि एक दिवस सगळं एकदम येतं. इटलीतल्या पाविया गावचा जुना मनोरा १७ मार्च १९८९ ला असाच कोसळला आणि चार माणसं गेली. त्या दिवशी ना भूकंप होता ना वादळ. मनोरे वाऱ्याने पडतात असा समज आहे, पण बहुतेकदा ते स्वतःच्याच वजनाने, फार सावकाश थकतात. म्हणून उभ्या बारीक भेगांचा झुबका दिसला तर तो एका रुंद भेगेपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायचा.

आता आधाराचं. शेजारची भिंत काढली की पहिली जखम राहते ती सांध्यात. चर्चची भिंत मनोऱ्यात चिऱ्यांच्या दात्यांनी गुंतवलेली असते. पाडणारा ते दाते पहारीने तोडतो आणि तिथे डबराचं पोट उघडं पडतं. त्या पट्ट्यातून पाणी थेट भरावात शिरतं. तिथे नवे चिरे आत खोल रोवून तोंड बंद करावं लागतं. वरून नुसता गिलावा मारला तर तो दोन-चार हिवाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो.

दुसरी गोष्ट कमानीची. मनोऱ्यातून चर्चमध्ये उघडणारी मोठी कमान दोन्ही बाजूंना रेटा देते. एका बाजूचा रेटा चर्चची भिंत झेलत असते. ती गेली की कमानीचा माथा किंचित खाली येतो आणि मधला चिरा सैल होतो. उपाय दोनच: कमान भिंतीने बुजवायची किंवा आडवा लोखंडी ताण (दोन्ही बाजू ओढून धरणारी सळई) घालायचा. घाई असेल तर आधी लाकडी ढोला (कमानीला खालून आधार देणारा साचा) लावून ठेवायचा, पण तो पाचर मारून घट्ट हवा. सैल ढोला नुसता देखावा.

तिसरी, पूर्वी ‘आतली’ असलेली बाजू. तिथे मऊ, कोरीव कामाला सोपा दगड वापरलेला असतो, कारण त्याला पाऊस लागणारच नव्हता. चर्च गेल्यावर तीच बाजू उघड्यावर येते आणि सगळ्यात आधी झिजते. जुन्या छपराची तिरकी खाच त्या भिंतीवर दिसत असेल तर तिच्यात पाणी साचतं. तिथे शिशाच्या पत्र्याची पट्टी खोचून पाणी बाहेर फेकावं लागतं.

चौथी, पाया. मनोरा चर्चपेक्षा किती तरी जड, त्यामुळे तो आधीच जास्त खोल बसलेला असतो. तो बसून स्थिर झालेला असेल तर चर्च गेल्याने पाया बिघडत नाही. बिघडतो तो नंतर कोणीतरी शेजारी खणल्यामुळे. पॅरिसला नेमकं हेच आडवं आलं. १८५० च्या दशकात रिव्होली रस्ता वाढवताना आजूबाजूचा उंचवटा कापून सपाट केला आणि मनोऱ्याचा पायथा उघडा पडला. वास्तुविशारद तेओदोर बाल्यू यांनी १८५४ ते १८५८ च्या दुरुस्तीत खालून नवं बांधकाम घेऊन मनोऱ्याला पायऱ्यांचं जोतं दिलं. आज जे दिमाखदार जोतं म्हणून लोक फोटो काढतात, ती मुळात पायाची दुरुस्ती आहे.

पाहणी करताना भेगेवर काचेची पट्टी किंवा प्लास्टरचा ठिपका चिकटवून तारीख लिहायची. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येणारी मोजपट्टी असेल तर उत्तम. निदान सलग एक वर्ष नोंदी हव्यात. उन्हाळ्यात भेग मिटते, थंडीत उघडते, आणि तीन महिन्यांच्या आकड्यांवर निष्कर्ष काढला तर ऋतूलाच रोग समजून बसाल. वर्षाच्या शेवटी भेग मूळ जागी परत आली नाही तर मात्र खरंच काहीतरी हलतंय. मधले लाकडी मजले उगाच काढू नयेत. त्यांच्या तुळया चारही भिंतींना बांधून धरत असतात.

प्रश्न (ठाणे): ‘मनोऱ्यात बंदुकीचे छर्रे बनवत’ असं वाचलं. त्याला एवढी उंची कशाला?

छर्रा गोल करायचं काम पडणारा थेंब स्वतःच करतो. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. शिसं ३२७ अंशाला वितळतं. मनोऱ्याच्या माथ्यावर भट्टी ठेवून ते वितळवायचं, त्यात अगदी थोडं आर्सेनिक घालायचं आणि भोकांच्या लोखंडी चाळणीतून सोडायचं. पृष्ठताणामुळे थेंब गोल होतो, तीन-साडेतीन सेकंदांच्या पडण्यात बाहेरून गोठतो आणि खालच्या पाण्याच्या टाकीत पडतो. पाणी धक्का झेलतं आणि उरलेली उष्णता काढून घेतं. छर्रा जितका मोठा तितका गोठायला वेळ जास्त, म्हणून उंची जास्त लागते. बारीक छर्रे निम्म्या उंचीवरूनही होतात.

बिघडायच्या जागा ठरलेल्या आहेत. आर्सेनिक कमी पडलं तर थेंबाला शेपूट राहते. शिसं फार तापलं तर छर्रे पोकळ किंवा खळगेदार होतात, थंड असलं तर भोकं तुंबतात. धार एकसंध पडू नये, थेंबच पडावेत म्हणून चाळणीत शिशाच्या मळीचा थर मुद्दाम ठेवत. निवडायची युक्ती सुंदर होती: सुकवलेले छर्रे उतरत्या फळीवरून सोडायचे आणि फळीच्या टोकाशी फट ठेवायची. गोल छर्रे वेगात फट ओलांडतात, वेडेवाकडे रेंगाळून फटीत पडतात आणि परत भट्टीत जातात. शेवटी पिंपात ग्रॅफाइटबरोबर फिरवून चकाकी आणायची.

घंटा आणि त्यांची चौकट काढलेला मनोरा या धंद्याला आयताच मिळाला: वरपासून खालपर्यंत मोकळी पोकळी आणि वाऱ्यापासून आडोसा. उघड्यावर हेच केलं तर थेंब वाऱ्याने भरकटून एकमेकांना चिकटतात. इमारतीच्या दृष्टीने मात्र कोरड्या लाकडी छपराखाली भट्टी म्हणजे आगीला आमंत्रणच, आणि कामगारांच्या दृष्टीने आर्सेनिकचा धूर त्याहून वाईट.

प्रश्न (सातारा): आमच्या देवळाच्या दीपमाळेच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, उघड्या पडल्या आहेत. गावकरी सिमेंटने भरू म्हणतात. युरोपात अशा मनोऱ्यांना काय वापरतात?

चुना. आणि तुमच्याकडे तर तो जास्तच गरजेचा आहे. पॅरिसच्या चुनखडीला स्वतःची छिद्रं आहेत, ओल दगडातूनही बाहेर पडू शकते. काळ्या पाषाणातून जवळजवळ काहीच जात नाही, त्यामुळे दीपमाळेच्या पोटातल्या पाण्याला बाहेर पडायची वाट फक्त दरजांची. ती सिमेंटने बंद केली की पाणी आत राहतं, आतला चुना विरघळतो आणि खाली पांढरे ओघळ दिसू लागतात. लोक ओघळ पुसतात आणि आणखी सिमेंट लावतात.

कामाची पद्धत अशी. जुनी सैल भर छिन्नी-हातोडीने हाताने काढा. ग्राइंडर लावला तर चिऱ्याची कड उडते आणि ती परत येत नाही. दरज रुंदीच्या दुप्पट, पण निदान २५ मिलिमीटर खोल मोकळी करा. धूळ झटकून आदल्या संध्याकाळी आणि भरायच्या आधी पाणी मारा, कारण कोरडा सांधा चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि भर भुगा होऊन गळते. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धारदार वाळू. वाळू धुतलेली हवी, मातीचा अंश नको. विटांची सुरखी (भुकटी) मिळाली तर वाळूचा काही भाग तिने बदला, पाण्याला जास्त टिकते. खोल दरज एका दमात भरू नका, थर देऊन दाबत चला. भर दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा, बाहेर लिंपू नका. मग किमान एक आठवडा ओलं गोणपाट. पावसाळ्यात आणि वैशाखातल्या भर उन्हात हे काम काढू नका. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम.

लोखंडी पट्ट्या किंवा जोडखिळे आत असतील तर ते आधी शोधा. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि चिरा आतून फोडतो. जुने कारागीर म्हणूनच लोखंड शिशात बसवत. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. तिथेही शिशाचं काम पकडीचंच आहे.

प्रश्न (म्हापसा): जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा याच प्रकारातला म्हणायचा का?

दिसायला हो, पण तो मध्ययुगीन नाही आणि त्याचं चर्च कोणी पाडलेलं नाही. ते १६०२ मध्ये पुरं झालं. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर वास्तू ओस पडली आणि १८४२ मध्ये दालनाचं छत कोसळलं. त्यानंतर १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा गेला. आज ४६ मीटर उंचीचा जो उभा सुळका दिसतो, तो म्हणजे अर्धा मनोरा.

पॅरिस आणि गोवा यांतला फरक दगडाचा आणि पावसाचा. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण पाणी भरपूर पितो. म्हणून जांभ्याच्या इमारतीला चुन्याच्या गिलाव्याचं अंगरखं दरवर्षी-दोन वर्षांनी सांभाळावं लागतं. राखणारी माणसं गेली की गिलावा जातो, गिलावा गेला की सांधे धुतले जातात, आणि फटीत पिंपळ रुजला की काम तमाम. पिंपळ नुसता तोडून भागत नाही. बुंधा कापल्याबरोबर ताज्या जखमेला मुळं मारणारं औषध लावायचं, आणि भिंतीत खोल शिरलेली मुळं ओढून काढायची नाहीत. त्यांच्याबरोबर चिरे येतात. मुळं मेल्यावर ती पोकळी पातळ चुन्याने भरायची.

मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या जिन्यावरच्या दर्शनी कमानीत आहे.

प्रश्न (वसई): आमच्याकडच्या चर्चच्या घंटा चिमाजी अप्पांच्या स्वारीनंतर देवळांत गेल्या. मनोऱ्याशिवाय त्या कशा वाजतात?

उलट मनोऱ्याशिवाय त्या जास्त सुखात असतात. चर्चमध्ये घंटा स्वतः झुलते आणि आतला लोळ तिच्या कडेवर आपटतो. इंग्लिश पद्धतीत ती पुरी उलटी फिरवतात, तेव्हा चौकटीवर घंटेच्या वजनाच्या साधारण चौपट खालचा आणि दुप्पट आडवा जोर येतो. एक टनाच्या घंटेमागे दोन टनांचा आडवा हिसका, मिनिटाला अनेकदा. हॅकनीत घंटा नव्या इमारतीत न्यायला इतकी वर्षं लागली ती याच कारणाने. देवळात घंटा स्थिर टांगलेली असते आणि फक्त लोळ हलतो, म्हणून एक दणकट तुळई किंवा कमान पुरते. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळापुढची १७२१ सालची प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा अशीच भिंतीवरच्या कमानीत आहे.

एक सूचना: स्थिर घंटेवर लोळ कायम एकाच जागी बसतो आणि तिथे खळगा पडतो. खळगा दिसू लागला की घंटा टांगणीवर थोडी फिरवून घ्यावी. घंटेच्या धातूत साधारण पाचवा हिस्सा कथील असतं, तो ठिसूळ असतो. लोखंडी हातोडा मारून ‘आवाज बघणं’ कटाक्षाने टाळा. याच ठिसूळपणामुळे राज्यक्रांतीत फ्रेंचांना वितळवलेल्या घंटांची नाणी पाडताना वेगळं तांबं मिसळावं लागलं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मनोऱ्याच्या तळाशी पास्कालचा पुतळा का?

१६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी घेऊन या मनोऱ्याच्या खाली आणि वर मोजमाप केलं. उंची त्याने २४ ते २५ तुआज, म्हणजे सुमारे ४८ मीटर धरली, आणि पाऱ्याच्या उंचीत दोन ‘लीन्य’पेक्षा थोडा जास्त, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून किंचित जास्त फरक आढळला. आजच्या गणिताने ४८ मीटर हवेचा फरक सव्वाचार मिलिमीटर येतो. म्हणजे माणसाने डोळ्याने चांगलंच वाचलं होतं. त्याआधी त्याच वर्षी त्याच्या मेहुण्याने प्युई-द-दोम डोंगरावर हाच प्रयोग केला तेव्हा फरक आठ सेंटिमीटरच्या वर गेला होता.

प्रश्न (डोंबिवली): वर जाता येतं का?

येतं, पण फक्त उन्हाळी मोसमात, लहान गटाने, मार्गदर्शकाबरोबर आणि आधी जागा राखून. सुमारे ३०० पायऱ्या आहेत, चक्री जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर उतरताना जास्त त्रास होतो. पायरीची बाहेरची, रुंद बाजू धरावी. माथ्यावर कोपऱ्यांत सिंह, बैल, गरुड ही सुवार्ताकारांची (येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं आणि सेंट जेम्सचा पुतळा जवळून दिसतो. हे पुतळे एकोणिसाव्या शतकातले आहेत. नुसती बाग बघायची असेल तर तिकीट लागत नाही.